खारा घोट

लग्न होऊन मी वसईला केळीच्या वाडीत आले, त्या उन्हाळ्यात एक कोळीण रोज दुपारी आमच्या ओट्यावर टोपली उतरवायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या विहिरीचं पाणी दिलं की पहिला घोट तोंडात घोळवायची, मगच गिळायची.

त्या वर्षी ऊन फार होतं. केळी माना टाकू लागल्या, म्हणून नवऱ्याने दिवसभर रहाट चालू ठेवला आणि साऱ्या वाडीला रोज थोडं थोडं पाणी सोडलं. एका दुपारी कोळणीने घोट थुंकला.

"मीठ घातलंस काय गो? म्हावरं खारं, आता पानी पन?"

नवरा म्हणाला, "तुला केळीतलं काय कळतं?"

"केळीतलं नाय, खाऱ्यातलं कळतं. आमची हीर अशीच उपसून घालवली. वर गोडं पानी असतं, खाली दर्याचं. खालचं वर आलं का केळी जाळंल."

मी चाखलं. खरंच मचूळ होतं. नवऱ्याने कुरकुरत रहाटाचा बैल सोडला. पुढे रहाट फक्त सकाळी चाले. रोज एकच ओळ, पण मुळापर्यंत भिजवायची आणि बुंध्याभोवती सुकी पानं पसरायची. कडेच्या काही ओळी गेल्या. बाकी वाडी जगली आणि विहिरीचं पाणी हळूहळू गोडं झालं.

नवरा मात्र लोकांना सांगायचा, "बैल दमलेला बघून मीच रहाट थांबवला." हे तिने एकदा ओट्यावर बसून ऐकलं. टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "तुझं नशीब बरं, बैलाला बोलता येत नाय."