शकीलाच्या कोऱ्या घड्या

शकीलाच्या नवऱ्याचा, अन्वरभाईंचा, फोन आला तेव्हा मी केडगाव स्टेशनात दौंडच्या गाडीची वाट बघत होते. शकीलाच्या प्रदर्शनासाठी हॉल बघायला निघाले होते. "ताई, शकीला गेली," ते म्हणाले. मी "बरं" म्हणाले. बरं! असल्या वेळी तोंडातून काय निघेल याचा नेम नाही...

शिरूरच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची, मी मराठी. बाजारच्या दिवशी ती पिशवी न घेताच बाजारात जायची आणि आरोळ्या ऐकून यायची. वांगीवालीची, लसूणवाल्याची, काकणवाल्या मामांची. मग बोरूने त्या लिहायची. ओरडणाऱ्याचा गळा जसा, तसं अक्षर. आधी ती कागद फ्रेम करायची. पुढे म्हणाली, "भिंतीवर टांगलं की माणसं येताजाता बघत्यात. टेबलावर उभं केलं की थांबत्यात." तेव्हापासून घड्यांचा नाद लागला. आधी लिहून मग घडी घातली की शाई चिरायची, शिरोरेघ तुटायची. म्हणून तिने उलट सुरू केलं. लांबलचक कागदाला आधी पंख्यासारख्या घड्या, त्या चमच्याच्या पाठीने दाबायच्या, आणि लिहायचं नंतर. मी जीव मुठीत धरून बघायची. एक चूक, की अख्खा कागद वाया! ती हसायची. "अगं, कागदच हाय. तुझं काळीज न्हाई."

आजारपणात मात्र तिला एकच गोष्ट सोसवायची नाही. कुणी दारात येऊन "बिचारी" म्हटलं, की ती उशीत तोंड खुपसायची. मला म्हणाली होती, "प्रदर्शनात तेवढं ऐकू येऊ देऊ नको."

ती गेल्यानंतर अन्वरभाईंनी तिचा शेवटचा घड्यांचा कागद माझ्यापुढे ठेवला. "तुम्हीच उघडा ताई. माझ्या हातानं न्हाई व्हायचं." मी उघडला. निम्म्या घड्यांवर आरोळ्या, पुढे सगळं कोरं. हे मांडलं तर लोक तोच शब्द म्हणणार! मी कोऱ्या घड्या मागे दुमडल्या. हात काढला आणि सगळंच आडवं झालं. पुन्हा केलं, पुन्हा पडलं. कोऱ्या घड्यांच्या आधाराशिवाय लिहिलेल्या उभ्याच राहत नव्हत्या. कापून टाकाव्यात म्हणून कात्रीसुद्धा उचलली... अन्वरभाई म्हणाले, "राहू द्या. तिनं घातलेल्या हायत."

दौंडला प्रदर्शन उघडलं तेव्हा मी त्या टेबलाजवळच उभी होते, पहारेकऱ्यासारखी. व्हायचं तेच झालं. एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "अर्ध्यातच गेली की गं, बिचारी." पण बाई हलल्या नाहीत. कोऱ्या घडीपुढे वाकून त्यांनी विचारलं, "मंग हितं कुणाची आरोळी येणार हुती?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बोंबीलवालीची असंल." "छ्या, आधी कुल्फीवाला पायजे." एकाने तर कल्हईवाल्याची आरोळी खड्या आवाजात देऊनच दाखवली. बघता बघता हॉलमध्ये वाद पेटला, आणि मी रडत होते की हसत होते, माझं मलाच कळेना.

मागे उभे असलेले अन्वरभाई पुढे आले.

"भंगारवाल्याची," ते म्हणाले. "रोज सकाळी झोपमोड करायचा म्हणून लई चिडायची त्याच्यावर. त्याला सोडणार न्हाई, लिहिणारच, म्हणायची."