डावरी रेघ

वडगावात पॉवरलूमवर साड्या विणणाऱ्या तम्मण्णाची थोरली पोर रचना बेळगावच्या चित्रकलेच्या शाळेत दाखल झाली, तेव्हा तिचा तिथल्या कशावरच विश्वास नव्हता. विश्वास ठेवायची तिच्या घरी रीतच नव्हती. सूत आलं की बाप आधी ते बोटांत ओढून बघायचा आणि म्हणायचा, "दाखवायची बाजू येगळी असत्या, पोरी."

पहिल्याच वर्षाला नागेंद्र सरांचा तास होता. चित्र काढायला शिकवायला दुसऱ्या बाई होत्या; सर शिकवायचे ते नुसतं बघायला. वर्गात त्यांचं एक मोठं चित्र टांगलेलं होतं. तंबाखूच्या पानांच्या ढिगाशेजारी बसलेली एक बाई, मागे पांढरी भिंत, भिंतीवर तिची सावली. दर सोमवारी सर सगळ्यांना त्याच्यासमोर बसवायचे.

"मराठीत सांगा, कन्नडात सांगा. पण आधी दिसतंय तेवढंच सांगा. अर्थ नंतर."

पोरं म्हणायची, बाई दुःखी आहे, कष्टाळू आहे. सर मान हलवायचे. "दुःख कुठं दिसलं? बोट ठेवून दाखवा." रचनाला वाटायचं, ह्यांना उत्तर ठाऊक आहे आणि आपली गंमत चाललीय. ती गप्पच राहायची. पण बघायची मात्र सगळ्यांपेक्षा जास्त.

आणि बघता बघता तिला एक दिवस खटकलं. सावलीच्या सगळ्या रेघा वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरत होत्या. तिची स्वतःची रेघ उलटी पडायची. चित्रातल्यासारखी रेघ वर्गात एकट्या ओमकारची पडायची, आणि ओमकार डावरा होता. सर तर फळ्यावर उजव्या हाताने लिहायचे! तिने जवळ जाऊन कोपऱ्यातली सही बघितली. सहीचा रंग बाकीच्या चित्रापेक्षा ताजा, चकचकीत.

म्हणजे चित्र दुसऱ्याचं, सही ह्यांची.

तिने शाळेत झाडलोट करणाऱ्या जयाबाईंना आडून विचारलं, "मावशी, सरांच्या घरात आणि कोण चित्रं काढतंय?"

"भैण हाय की बोरगावची, अक्काताई. ती बी लई झ्याक काढायची म्हनं. लगीन झालं आन सुटलं सगळं. का गं?"

"काय न्हाय, सहज."

आता रचनाला सगळं लख्ख दिसू लागलं. बहिणीची कला भावाने गिळली. त्या आठवड्यात सरांचा प्रत्येक शब्द तिला खोटा वाटला. ते हसले तरी तिला वाटायचं, कशाला हसले असतील? तिने ओमकारच्या कानात सांगितलं, आणि शनिवारपर्यंत अर्ध्या वर्गाला कळलं.

सोमवारी सरांनी नेमकं तिलाच उठवलं. "रचना, तू कधीच बोलत न्हाईस. काय दिसतंय?"

ती उठून चित्राकडे बोट करत म्हणाली, "रेघ डावरी हाय, सर. तुम्ही उजवे. आणि सही मागनं केल्या."

सर चित्राजवळ गेले आणि त्यांनी सावलीवरून बोट फिरवलं.

"बरोबर बघितलंस," ते म्हणाले. "ह्या वर्गात इतकं नीट कुणीच बघितलं न्हाय. आता अर्थ सांग."

"अक्काताईंनी काढलंय."

"अक्काताई त्या चित्रात बसल्या, पोरी. ती बाई म्हणजे तीच." त्यांनी डावा हात पुढं केला. बोटांच्या सांध्यांवर जुने वण होते. "शाळेत डाव्या हातानं लिहिलं की मास्तर पट्टीनं मारायचे. लिहायचं तेवढं उजव्यावर आणलं. चित्र काढायला कुणी शिकवलंच न्हाय, म्हणून ते डाव्यावरच राहिलं. आणि सही करायचं सुचलंच नव्हतं. अक्काताईच रागावली, म्हणून गेल्या दिवाळीत केली."

कुणीतरी फिसकन हसलं. रचनाचे कान तापले. पण ऐकीव गोष्टीवर ती कशी भुलणार?

"मग काढून दाखवा," ती म्हणाली.

ओमकारने कपाळावर हात मारला. सरांनी मात्र मुकाट्याने कोळसा डाव्या हातात घेतला, तिला खिडकीपाशी बसवलं आणि कागदावर भराभर रेघा ओढल्या. डावीकडून उजवीकडे, चित्रातल्यासारख्याच. पाच-दहा मिनिटांत तिचा चेहरा उभा राहिला. मान पुढं काढलेली, भुवया जुळलेल्या, डोळे बारीक.

"माझे डोळे असले न्हाईत," ती म्हणाली.

"दिसले तसे काढले."

आता सगळा वर्ग हसला, आणि मग तीही हसली, थोडी नाइलाजाने. तास संपल्यावर ती मागे थांबली. म्हणाली, "सर, मी पोरांना सांगितलं होतं. तुम्ही चोरलंय म्हणून."

"कळलं होतं मला. म्हणून तर तुला उठवलं."

त्याच दुपारी तिने एकेकाला गाठून आपली चूक सांगितली. काहींना पटलं. दोघं-तिघं म्हणाले, सरांनी वेळ मारून नेली असेल. त्यांच्याशी ती भांडली.

सरांनी तो कागद तिलाच दिला होता. संध्याकाळी घरी बापाने तो दिव्याखाली धरला, लांब केला, जवळ आणला.

"कोण गं ही? पोलिसात हाय काय?"

"मी हाय, आप्पा."

तम्मण्णाने एकदा कागदाकडे बघितलं, एकदा पोरीकडे. "व्हय की," तो म्हणाला, आणि कागदाला सुरकुती पडू नये म्हणून तो दोन कोऱ्या साड्यांच्या मधे ठेवून दिला.