ज्वारीच्या कणीवर वाढवलेलं बदक

“नायसिन डेफिशिअन्सी आहे,” जवळा बाजारचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले. नायसिन हे एक जीवनसत्त्व. ते कमी पडलं की बदकाच्या पिलाच्या पायांत बळ राहत नाही. माझ्या टोपलीतलं पिलू पाय फाकवून पडलं होतं.

बाहेर म्हशी-शेळ्या घेऊन आलेली माणसं मला हसली होती. डॉक्टर हसले नाहीत.

“खायला काय देता?”

“ज्वारीची कणी. कोंबडीच्या पिलांना देतो तीच.”

चूक तिथंच होती. सिद्धेश्वर धरणाजवळच्या आमच्या गावात बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवतात. आई कोंबडी, म्हणून लेकरांचं खाणंही कोंबडीचंच. पण बदकाला नायसिन जास्त लागतं.

“पाण्यातून औषध द्या. शेंगदाण्याचा कूट, उकडलेली मासळी द्या. दुसऱ्या पिलांत सोडू नका, तुडवतील. सांधा सरकला तर मग माझ्या हातात काही नाही.”

वेगळं ठेवलं, तर ते एकटं राहीना. जवळ माणूस दिसलं नाही की ओरडून जीव काढायचं, पाण्याला तोंड लावायचं नाही. आणि औषध तर पाण्यातच. झालं, मी अडकले. सोयाबीनची काढणी सुरू, सगळे रानात आणि मी घरात गोणपाटावर. संडासला जायचं तरी टोपली काखेत.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, येता-जाता टोमणा मारायच्या. “काहून बसून राहिलीस गं? बदकाची बाळंतीण झालीस व्हय?”

पुसेगावला माझ्या माहेरी भावाच्या लेकीचं बारसं होतं. तेही बुडणार म्हणून पिलाचा असा राग आला की वाटलं, मरून जाऊ दे एकदाचं. आजाऱ्याजवळ बसून तुम्हालाही असं वाटलं, तर स्वतःला पापी समजू नका. तुम्ही दमलात, एवढंच.

बारशाच्या सकाळी आत्याबाईंनी माझ्या हातातली टोपली ओढून घेतली.

“जा तू. मी काय मेले न्हाई अजून.”

“तुमाला जमंल का?”

“लेकरं वाढवली मी. बदकाचं काय घेऊन बसलीस!”

गेले. पाळणा म्हणतानाही जीव घरातच होता. संध्याकाळी परत आले, तर आत्याबाई गोणपाटावर बसलेल्या आणि पिलू त्यांच्यासमोर उभं. थरथरत होतं, पण उभं होतं.

“दुपारीच उठलं,” त्या म्हणाल्या. “बराबर माझ्याकडं चालत आलं.”

इतके दिवस मी बसले आणि ते उभं राहिलं मी नसताना! आधी रागच आला, मग रडू फुटलं. इतक्या दिवसांत “तुमी बसता का घटकाभर?” असं मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

“उद्या रानात जा,” पिलाला कूट चारत त्या म्हणाल्या. “तुझ्यावाचून अडत न्हाई त्याचं.”

ऐकायला कडू होतं. पण त्या रात्री मी पाय पसरून झोपले.