मुखेडच्या शाळेत जादूचा दिवा

ज्याच्या भाषणावर बंदी आली आहे, त्याने प्रवासाला निघावं. नवाबांच्या सरकारने माझ्यावर जबानबंदीचा हुकूम बजावला; जाहीरपणे तोंड उघडायचं नाही. ठीक. पायांबद्दल हुकुमात काही नव्हतं. त्याच आठवड्यात मुखेडच्या माणिक मास्तरांचा निरोप आला, "पोरांना इतिहास-भूगोल दाखवायला तुमचा जादूचा दिवा घेऊन या. बोलायचं काम माझं."

हा दिवा म्हणजे रॉकेलवर चालणारं पत्र्याचं यंत्र. काचेवरचं लहानसं चित्र ते भिंतभर मोठं करतं. आमच्या मुलुखातल्या पोरांना नवाबांच्या पिढ्या उर्दूत घडाघडा पाठ, पण दाराशी वाहणारी गोदावरी येते कुठून हे विचारा, गप्प. याला शिक्षण म्हणायला मी तयार नाही. निघालो.

लातूरहून अहमदपूरपर्यंत मोटार मिळते. दिवा नेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं : काचा गोधडीत गुंडाळून मांडीवर घ्याव्यात, टपावर कधीच नाही. रॉकेल आपलं आपण न्यावं. खिशात हाली, म्हणजे आपल्या राज्याचा, पैसा असू द्यावा; इंग्रजांचा कलदार रुपया पाहिला की कंडक्टर हुज्जत घालतो.

"मांडीवर काय हाय जी एवढं जपून?" त्याने विचारलंच.

"गोदावरी."

"सांडू नका म्हंजे झालं."

अहमदपूरला चहा घेतला आणि पुढे जांबवरून बैलगाडी केली. काळ्या रानातली ती वाट माणसाची हाडं खिळखिळी करते. पण दुतर्फा उभी ज्वारी पाहिली की तक्रार करवत नाही. मास्तरांच्या घरी भाकरी, अंबाडीची भाजी आणि तिच्यावर लसणाच्या फोडणीचं तेल. असं जेवण राजधानीतल्या मेजवान्यांत मिळत नाही.

जेवताना मास्तर म्हणाले, "शाळेची इजाजत वर्षावर्षानं मिळते. बाहेरच्या माणसानं इथं जलसा, म्हंजे सभा, घेतली, असं वर कळलं की कुलूप. मराठीतनं शिकायला पोरांना दुसरी जागा न्हाई."

"मग मला बोलावलंत कशाला?"

"भ्यालो असतो तर शाळा काढली असती का?"

दुसऱ्या दिवशी बाजार होता. दुपारी खिडक्यांवर घोंगड्या टांगून वर्ग अंधारा केला. मी पहिली काच घातली आणि भिंतीवर अख्खा हिंदुस्थान उलटा लटकला. काच यंत्रात उलटी घालावी लागते, हे घाईत विसरलो.

"दिल्ली खाली आली की वो!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि वर्ग हसून लोळला. मागे वळून पाहतो तर बाजारातली माणसं आत शिरलेली. मिरच्या विकणारी सोनाबाई टोपलीसकट बसली होती.

काच फिरवून चित्र सरळ केलं. मास्तरांनी छडी नाशिककडे नेली, तोच दारातली घोंगडी बाजूला झाली. पोलिसांचे अमीनसाहेब.

"क्या चल रहा जी मास्तर? ये तो जलसा है."

"जलसा न्हाई साहेब. वर्ग हाय."

"वर्गात म्हातारे?"

मास्तरांनी छडी काखेत मारून दिव्याच्या उजेडात हाजिरीची वही उघडली. "आजच नावं घातली साहेब. हाजिरी घ्यायची राहिली होती." आणि त्यांनी नाव विचारून विचारून हाजिरी सुरू केली. शेतकरी, विणकर, तेली, सगळे एकेक करून "हाजिर!" सोनाबाई मात्र म्हणाली, "हाय की!"

"हाजिर म्हणा, मावशी."

"म्होरं बसून राहिले, दिसत न्हाई का तुम्हाला?"

शेवटी मास्तर माझ्याकडे वळले, "आणि यंत्रवाले?"

"हाजिर!" मी गरजलो. हजारोंच्या सभांत बोललो आहे. पण एवढ्या जोरात कधीच नाही.

अमीनसाहेब दाराशी उभे राहिले. मास्तरांनी छडीने नदी त्र्यंबकेश्वरापासून पैठणला आणली, नांदेडवरून पुढे समुद्राला मिळवली. सोनाबाईने विचारलं, "म्हंजे आपल्या राज्याबाहीरून येती अन् बाहीरच जाती? मंग हिला इजाजत कोन देतं?"

सगळ्यांनी अमीनसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. जाताना म्हणाले, "ठीक है, वर्ग. पण नाव लागलं तर रोज यावं लागतं. मी येऊन मोजणार. एकही कमी भरला, तर आजचा जलसाच होता."

परतीच्या गाडीत मी हाजिरीतली नावं मोजत बसलो. बाजारची माणसं ती. कामधंदा सोडून रोज कोण येणार? लातूरला आलो तरी हाच घोर.

महिन्याने तोच कंडक्टर भेटला. त्याची सासुरवाडी मुखेडची. शाळा चालू आहे, त्याने सांगितलं. अमीनसाहेब दोनदा न सांगता येऊन गेले. दोन्ही वेळा माणसं पुरी भरली. विणकर माग थांबवून येतात. सोनाबाई तर आता पाटीवर स्वतःचं नाव काढते.

माझ्या सभांत टाळ्यांचा कडकडाट होई आणि लोक घरी जात. मुखेडला टाळी वाजली नाही, आणि लोक दुसऱ्या दिवशी परत आले. कोणता हुकूम आता त्यांचं शिकलेलं पुसणार?

"आणि मावशीनं सांगितलंय," कंडक्टर म्हणाला, "नदी समजली. म्होरचं काय ते घेऊन या."

काचा गोधडीत बांधल्या आहेत. पहिली, आमच्या राज्यात अजून कुणी न पाहिलेल्या मतपेटीची.