जमनाच्या कोंबड्यांची गाभोळी

जमना दांडीची. बापाची होडी, आईची मासळीची टोपली. सात वर्षांची असल्यापासून मासा नुसता हातात घेऊन, पोटावरून अंगठा फिरवून ती सांगायची, आत गाभोळी, म्हणजे अंडी, आहे की नाही. दांडीच्या बायका पैजा लावायच्या आणि हरायच्या.

लग्न होऊन ती सरावलीला आली, आमच्या शेजारच्या खोलीत. नवरा दामू कारखान्यात पाळीवर जायचा. खोल्यांच्या त्या सबंध ओळीत जमनाला करमेना.

"सकाळी दार उघडून बघायचं काय, वहिनी?" ती मला म्हणायची. "समोरची भिंत? ती काय हलते काय?"

हलणारं काहीतरी हवं म्हणून २५ सप्टेंबर १९८३ला ती वाणगावच्या बाजारातून कोंबडीची पाच पिल्लं घेऊन आली. पाचही माद्या निघाल्या, हाच मोठा चमत्कार. त्यांची नावं तिने ठेवली पापलेट, सुरमई, रावस, घोळ आणि सगळ्यांत मरतुकडी ती बोंबील. संध्याकाळी ती "ए रावस, ए सुरमई, घरात या गं!" अशा हाका मारू लागली, की रस्त्यावरून जाणारे लोक थांबून मासळी कुठे विकायला आली ते शोधायचे.

कोंबड्या वाढल्या, गुबगुबीत झाल्या. अंडं मात्र येईना. माझ्या वहीत १ मार्चच्या पानावर आहे: 'जमनाच्या कोंबड्या घरी येऊन १५८ दिवस. अंडं नाही. आज दामूने निकाल दिला.'

निकाल असा. धुळवडीला दामूचा थोरला भाऊ वामन दांडीहून जेवायला येणार होता. "तोवर अंडं आलं तर आलं," दामू म्हणाला, "नाय तर पाचीच्या पाची कापायच्या. फुकट खाणारी माणसं मला गावाला कमी हायत काय?"

जमनाच्या डोळ्यांत पाणी आलं. धुळवड अठरा तारखेला होती.

त्या दिवसापासून ती सकाळ-संध्याकाळ एकेका कोंबडीला काखेत धरून पोट दाबायला लागली. अंगठा फिरवायची, डोळे मिटायची, मान हलवायची. "घोळच्या पोटात हाय, वहिनी! लागते हाताला! उद्या बघा." दुसऱ्या दिवशी काही नाही. मग ती आणखी जोरात दाबायची. शेवटी जमना दिसली की कोंबड्या पत्र्यावर चढून बसायला लागल्या.

आठ तारखेला डोंगराकडून नेहमीची भाजीवाली बायडी आली. पाटी उतरवता उतरवता तिने हा प्रकार पाहिला आणि तिथेच मटकन बसून हसायला लागली.

"अगं ए येडे! मासली हाय का ती? मासली मेलेली असते, म्हणून दाबून घेते. ही जिती हाय! रोज तुझं पोट कोन दाबला तर तू पोर देशील का?"

आमची अख्खी ओळ बाहेर येऊन हसली. जमनाही हसली, कान लाल करून.

बायडीने दोनच गोष्टी सांगितल्या. कोंबडीला हात लावायचा नाही, आणि टोपलीत पेंढा घालून एक अंडं ठेवायचं. "एकीचं बघून दुसरी बसते."

दुकानातलं अंडं ठेवलं असतं तर दामूनेच तळून खाल्लं असतं. मला आठवलं, मिशनच्या शाळेत सिस्टरने मोजे रफू करायला दिलेलं लाकडी अंडं माझ्या शिवणाच्या डब्यात होतं. त्याला दोन हात चुना लावला आणि वाळवून टोपलीत ठेवलं. असं देखणं अंडं कुठल्याही कोंबडीने आजवर घातलं नसेल.

बारा तारखेला दामू पाळीवरून आला. जमना नळावर गेलेली. टोपलीत घोळ बसली होती. ती उठली आणि खाली पांढरं अंडं! दामूने त्याला हातसुद्धा लावला नाही. सायकल तशीच वळवली आणि कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन सगळ्या पाळीला सांगून आला. दांडीला जाणाऱ्या एकाजवळ वामनला निरोपही धाडला. जमना परत येईपर्यंत सरावलीत बातमी पसरली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आम्ही दोघी मोरीत जाऊन पदर तोंडात कोंबून हसलो. खरं सांगायचं धाडस दोघींनाही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दामूने चूल पेटवली, तवा ठेवला आणि अंडं काठावर आपटलं. टक. पुन्हा आपटलं. टक. चुन्याचा पोपडा उडाला. खालून लाकूड दिसलं.

मग हळूच आमच्या दारात आला. "वहिनी, हे तुमचंच ना? कोनाला सांगू नका हां. आख्खी पाळी मला हसेल."

आता कोंबड्या कापायची सोय उरली नाही. अंड्यावरची कोंबडी कोण कापतं? धुळवडीला वामन आला तो हातात हे एवढं खरंखुरं पापलेट घेऊन. जेवताना म्हणाला, "पयलं अंडं कुठंय? बघू दे तरी."

"खाल्लं," दामू म्हणाला.

"कसं लागलं?"

दामूने घास गिळला. "घट्ट होतं."

जमना पाणी आणायला म्हणून जी उठली, ती वामन गेल्यावरच परत आली.

पण खोटं किती दिवस टिकणार? वामन पाडव्याला चार अंडी घ्यायला येणार होता. जमना माझ्या उंबऱ्यावर बसून म्हणाली, "आता नाय घातलं तर पाडव्याला कापतील. आनि वर खोटारडी म्हनतील." पण पोटाला हात मात्र तिने लावला नाही. नुसती दुरून पाहत बसायची, दोन्ही हात पाठीमागे धरून.

एकवीस मार्च, बुधवार. सकाळी घोळने असा काही गळा काढला की आम्ही सगळ्या अंगणात धावलो. दामू कामावर निघाला होता, तो टोपलीशी पहिला पोचला. आत बदामी रंगाचं अंडं होतं.

"वहिनी," तो माझ्यावर डोळे वटारून म्हणाला, "आता रंग बदलून ठेवलात काय? परत फसतोय काय मी?" आणि त्याने अंडं उचलून पायरीवर ठाणकन आपटलं.

बलक त्याच्या कामाच्या बुटावरून पायरीभर पसरला. जमना किंचाळली, मग हसायला लागली, हसता हसता खालीच बसली.

"खरं हाय!" ती ओरडत होती. "अवो, खरं हाय! बघा ना समदी! खरंच फुटलं!"

आणि बायका खरोखर एकेक करून ते फुटलेलं अंडं बघायला आल्या.