कळीला बांधलेला लाल दोरा

लातूरहून निघताना पिशवीत घरची सरकी घेतली. कापसाचा जुना सरळ वाण (घरच्या सरकीतून दरवर्षी तसाच उगवणारा). सासरी जाताना आईने आम्हा दोघी बहिणींच्या ओटीत घातलेला. मला काळीभोर, पाण्याची जमीन मिळाली. धाकट्या कमलला लोह्याकडचा मुरमाड माळ. तेव्हा मी तिला हसले होते. यंदा तपासणीत माझ्या कापसात बीटीचा, म्हणजे जनुक बदललेल्या संकरित कापसाचा, अंश निघाला. शेजारच्या रानातला पराग मधमाश्यांनी आणला. कमलचा मात्र शुद्ध. खोटं कशाला सांगू, तेव्हापासून माझा जळफळाट चालू आहे.

अहमदपूरजवळ बस पंक्चर झाली, तासभर उन्हात उभी राहिले. लोह्यापुढे तांबूस माळ लागला. मधोमध कमलचा कापूस, भोवती तूर आणि ज्वारीचे दाट पट्टे. नजर पोचेल तिथवर दुसरा कापूस नाही.

बांधावरच तिने मला अडवलं. "अक्का, आधी पदर झटक. चपला बी काढ."

"मी काय परकी हाय का गं?"

"परकी न्हाईस. पर तुझ्या रानातून आलीस."

नाक मुठीत धरून पदर झटकला.

संध्याकाळी ती उद्या उमलणाऱ्या कळ्यांची टोकं लाल दोऱ्याने बांधू लागली. कळी मिटलेलीच राहते, मधमाशी आत जात नाही. त्याच बोंडांची सरकी बियाण्याला.

"रोज बांधतीस?"

"हाव. न्हाईतर आईचं बियाणं राहील का?"

मी उभ्या जन्मात एक कळी बांधली नव्हती. मग तिने अंबाडीची भाजी आणि गरम भाकरी वाढली. भाजीही माझ्यापेक्षा चांगली. तेही सोसलं.

सकाळी ती पाण्याला गेली. कोनाड्यात सरकीचं गाडगं होतं. माझ्या पिशवीतली एक मूठ सरकी आत टाकली असती, तर कुणाला कळलंही नसतं, आणि दोघी बहिणी सारख्या झालो असतो. मूठ भरून गाडग्याच्या तोंडाशी नेलीसुद्धा. आत सरकीवर लाल दोऱ्यांचा गुंता पडला होता. एकेका कळीचा एकेक दोरा, तिने जपून ठेवलेला. माझा हात तिथेच थांबला. मी पिशवीच चुलीत रिकामी केली.

"काय जाळून राहिलीस गं?" कमल दारात उभी होती.

"माझी सरकी. बिघडलीय ती. तुझ्या गाडग्यात टाकणार होते."

तिने चुलीबाहेर सांडलेली सरकी काटकीने आत लोटली. निघताना मात्र गाडग्यात कोपरापर्यंत हात घालून तिने माझी ओटी भरली. "पेर पुन्हा. आईचीच हाय."

परतीच्या बसमध्ये ओटी घट्ट धरून बसले. तिच्या माळाला शेजारी नाहीत. माझ्या काळ्या जमिनीला चारी बाजूंनी बीटी. हसले होते त्याच माळाचा आता हेवा वाटत होता.

लातूरला स्टँडसमोरच्या दुकानात लाल दोरा मागितला.

"एक रीळ?" दुकानदाराने विचारलं.

"दहा द्या."