साठाव्या दिवशी खळ्यावर रेडिओ

२०१७ साली भातझोडणीच्या दिवसांत एका सकाळी मी आशागडहून माझ्या जुन्या स्कूटरवरून तलासरीच्या पूर्वेकडील एका पाड्यावर पोहोचलो, तेव्हा रेडिओवर सकाळच्या बातम्या संपत आल्या होत्या. माझ्या पिशवीत एका अपिलाच्या तीन प्रती होत्या. ज्या शेतकऱ्याच्या खळ्यावर मी जाऊन बसलो, त्याचा दीड एकराचा वनहक्काचा दावा उपविभागीय समितीने फेटाळला होता. निर्णय हाती पडल्यापासून साठ दिवसांत जिल्हा समितीकडे अपील करायचे असते, आणि तो साठावा दिवस होता. संध्याकाळी पावणेसहाला ही अपिले घेणारे डहाणूचे उपविभागीय कार्यालय बंद झाले की जमीन मागण्याचा त्याचा सरळ मार्गही बंद होणार होता.

अशी वेळ येण्याचे कारण दिल्लीचे रेडिओ केंद्र. त्यावर गाणी जवळजवळ नसत. दिवसभर बातम्या, भाषणे, चर्चा, नाटके. त्याच्या कायदेविषयक कार्यक्रमात एका विधिज्ञांनी सांगितले होते की अशा अपिलाला नव्वद दिवस मिळतात. नियम असा नाही. मुदत साठ दिवसांचीच. पुढचे तीस दिवस द्यायचे की नाही, हे समितीच्या मर्जीवर. चाळीस वर्षे न्यायालयात कारकुनी केलेल्या माणसाला हा फरक सहन होणे शक्य नव्हते. मी केंद्राला पाच पानी पत्र लिहिले. उत्तरादाखल कार्ड आले: आपले पत्र श्रोत्यांच्या पत्रांच्या कार्यक्रमात घेत आहोत. कार्यक्रमाची तारीख नेमकी साठाव्या दिवसाची होती.

शेतकरी माझ्यापेक्षा रेडिओला मानत होता. "त्यांनी चूक कबूल करू दे, मग देतो सही," असे त्याने मला आधीच सांगितले होते. मी ते मान्य केले. चूक जिथे झाली तिथेच दुरुस्त व्हावी, हा माझा आग्रह. त्यापायी मी दुसऱ्याचे दिवस खर्ची घातले, हे आज लिहिताना जाणवते.

खळ्याच्या मधोमध भाताची रास होती. बाजूच्या खांबाला ट्रान्झिस्टर टांगलेला. बातम्यांनंतर अळिंबीच्या लागवडीवर कोणी तासून घेतलेल्या हिंदीत बोलले. मग मधमाश्या. मग एक डॉक्टर रक्तदाबाविषयी सांगू लागले: संताप टाळावा, मीठ कमी खावे, क्षुल्लक गोष्टी मनाला लावून घेऊ नयेत.

"वकील, तुमच्यासाठीच सांगतोय तो," शेतकरी झोडणी न थांबवता म्हणाला. मी वकील नाही, हे त्याला ठाऊक होते. आमच्या भागात माझे नाव ते पडले होते.

त्याची बायको सुपात भात पाखडत हसली. "मीठ ते सोडतील, राग नाय सोडणार."

दुपारी संसदेच्या कामकाजाचा आढावा झाला. त्यानंतर नाटक लागले. कोणी सासरा जावयाला घराबाहेर काढत होता आणि मागे दार आपटल्याचे आवाज येत होते. मी घड्याळ पाहत होतो. तिथून डहाणू गाठायला माझ्या स्कूटरला दीड तास लागे.

सव्वादोनला पत्रांचा कार्यक्रम सुरू झाला. तिसरे पत्र माझे होते. निवेदिकेने माझे नाव घेतले, गावाचा उच्चार चुकवला आणि वाचले: "आपके कार्यक्रम ज्ञानवर्धक होते हैं. हमारे जैसे दूर के श्रोताओं के लिए आपका केंद्र एक विद्यालय है." मग तिने मला धन्यवाद दिले आणि पुढचे पत्र उचलले.

सरकारी पत्राची सुरुवात सौजन्याने करावी, ही माझी जन्माची सवय. ती दोन वाक्ये पहिल्या परिच्छेदातली होती. उरलेली पावणेपाच पाने त्यांनी वगळली.

झोडणी थांबली होती. शेतकरी माझ्याकडे पाहत म्हणाला, "तुम्हीच तर लिवलंय, शाळा हाय म्हणून. मग शाळेत नव्वद सांगितलं ते खोटं कसं?"

मी नियमाचे पुस्तक काढले. मर्जी आणि हक्क यांतला भेद समजावला. माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या खळ्यावरची माणसे उभी राहून पाहू लागली. तो शांतपणे रास नीट करीत राहिला.

"आणखी एक हाय, वकील. रास खळ्यात हाय. आमच्या घरात रास पुजून आत जाईस्तोवर घरधनी खळं सोडत नाय नि कागदावर सही करत नाय. भाताची बरकत जाते. चार दिवसांनी या."

"चार दिवसांनी चौसष्टावा दिवस असेल, भाऊ."

"मग नव्वदच्या आत झालं की."

तीन वाजत आले होते. मी कागद पिशवीत भरू लागलो.

त्याच्या बायकोने सूप खाली ठेवले. "रास यांची," ती मला म्हणाली. "दावा कोनाकोनाचा हाय? फारमात माझं नाव हाय ना?"

होते. वनहक्काचा पट्टा नवराबायको दोघांच्या नावे होतो. ते कलम मला तोंडपाठ आहे. दावेदार तीही होती, तिच्या सहीचे अपील चालले असते, आणि ही गोष्ट साठ दिवसांत माझ्या मनात एकदाही आली नव्हती.

"मग मी येते," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "आज दिलं तरी नव्वदच्या आतच हाय. आपलं जातं काय?"

तो राशीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "स्कूटरवर नीट बस. हा माणूस रागात चालवतो."

पाच वाजायला आले होते तेव्हा आम्ही डहाणूच्या खिडकीशी उभे होतो. लिपिकाने विचारले, "अर्जदार कोण?"

"मी," ती म्हणाली.

त्याने पहिले पान वरपासून खालपर्यंत वाचले. "बाईंचं नाव कुठंय यात?"

मी पाहिले. शीर्षकात मी तिच्या नवऱ्याचे संपूर्ण नाव टंकले होते आणि पुढे लिहिले होते: 'व पत्नी'. मी पेन काढून तिन्ही प्रतींवर 'पत्नी' हा शब्द खोडला आणि तिला विचारून तिचे नाव लिहिले. प्रत्येक दुरुस्तीशेजारी तिने सही केली, एकेक अक्षर थांबून. मागे रांग वाढली. लिपिक घाई करू लागला तेव्हा मी त्याला काहीतरी बोललो. तिने मला हाताने थांबवले आणि शेवटचे अक्षर पुरे केले.

पोच देणारा शिक्का तिच्या प्रतीवर उमटला. शाई ओली होती.

"आजचीच तारीख हाय ना?" तिने मला विचारले.

मी हो म्हणालो. तरीही तिने कागद दोन्ही हातांत धरून तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेशी ताडून पाहिला.